बगळ्याच्या मानेवरच्या रेघा: एका फोटोवर घेतलेल्या संशयाचं प्रकरण

आमचा सहा जणांचा गट आहे. फोटोवर कुणाचंच पोट नाही, पण फोटोशिवाय कुणालाच चैन पडत नाही. दर शनिवारी रात्री आम्ही व्हिडिओ कॉलवर भेटतो, आठवड्यातला एकेक फोटो दाखवतो आणि मग गप्पा वाट फुटेल तिकडे जातात. लेन्सवरून चंद्रावर, चंद्रावरून बातम्यांतल्या युद्धावर, तिथून परत कॅमेऱ्याच्या बॅटरीवर. सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. मग एका फोटोवरून गट फुटायची वेळ आली. हल्ली असे वाद जागोजागी होताहेत आणि बऱ्याच ठिकाणी त्यांचा शेवट माणसं तुटण्यात होतो. आमचं तुटता तुटता राहिलं. ते कशामुळे राहिलं, हे सगळ्यांची परवानगी घेऊन आणि नावं गाळून इथे सविस्तर लिहितो.

गटात वयाने सगळ्यांत मोठे काका. न्हाणीघराची डार्करूम करून फिल्म धुतलेला माणूस. सगळ्यांत लहान त्याला इथे धाकटा म्हणतो. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि यंत्राने बनवलेली चित्रं ओळखण्यात त्याचा हातखंडा आहे, असं आम्ही सगळेच मानायचो. ताई भौतिकशास्त्र शिकवतात. उरलेल्या दोघांचा या प्रकरणात फारसा भाग नाही. कुणी काय दाखवलं, काय बोललं याची वही माझ्याकडे असते, म्हणून हे लिहिणंही माझ्याकडे आलं.

त्या शनिवारी काकांनी दाखवलेला फोटो असा होता: पहाटेचं धुकं, पाण्यात उभा वठलेला खुंट, त्यावर राखी बगळा. मान वळवून, डावा पंख अर्धवट उघडून तो पिसं साफ करतोय. पाणी इतकं निवांत की खाली अख्खा बगळा उलटा उमटलेला. मानेवरचं एकेक पीस मोजून घ्यावं इतकं स्पष्ट.

दोनचार सेकंद कुणी काही बोललं नाही. मग धाकटा म्हणाला, "काका, हा एआयचा आहे ना?"

त्याने हसत विचारलं होतं. काकांना आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. कळलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, मी थंडीत दोन तास बसलो होतो." तिथे विषय संपायला हवा होता. पण धाकट्याने कारणं मांडायला सुरुवात केली, आणि कारणं बिनतोड वाटत होती. प्रतिबिंबातला पंख आणि वरचा पंख जुळत नव्हते: वरच्या पंखाची राखाडी पाठ दिसत होती, खाली मात्र गडद पिसांची आतली बाजू. प्रतिबिंब जवळजवळ बगळ्याइतकंच उजळ होतं. मानेवरची पिसं कोरून काढल्यासारखी होती. फोटो चॅटवरून आला असल्याने त्यात एक्झिफची, म्हणजे कॅमेरा फाइलमध्ये आपोआप लिहितो ती वेळ वगैरेची, माहितीच उरली नव्हती. वर त्याने बोलता बोलता तो फोटो कृत्रिम चित्रं ओळखणाऱ्या एका संकेतस्थळावर टाकला. तिथे "बहुधा कृत्रिम" असा शेरा आला, आणि तो शेरा त्याने आम्हाला स्क्रीनवर दाखवला.

काकांनी त्याच रात्री मूळ जेपेग पाठवली. त्यात एक्झिफ होतं, पण वेळ होती रात्रीचे 12 वाजून 31 मिनिटं. फोटोत मात्र उजाडलेलं. धाकट्याने फक्त तेवढंच लिहिलं: "वेळ बघा." त्यावर काकांचं उत्तर आलं, "चाळीस वर्षं फोटो काढतोय. विश्वास नसेल तर राहू दे." पुढचे तीन शनिवार काका आले नाहीत.

माझं मत इथेच नोंदवतो. मी त्या रात्री एक शब्दही बोललो नाही आणि मनातून मला धाकट्याचं पटलं होतं. गप्प राहून मी काकांच्या विरोधात मत दिलं, असं मला आज वाटतं.

ताईंची बशी

कोडं सुटायला सुरुवात ताईंपासून झाली. काका नसलेल्या दुसऱ्या शनिवारी त्यांनी टेबलावर आरसा आडवा ठेवला, त्यावर पाण्याची बाटली उभी केली आणि बाटलीच्या तोंडावर बशी ठेवली. मोबाइल थोड्या उंचीवर धरून त्यांनी आम्हाला विचारलं, "वर काय दिसतंय?" बशीची वरची बाजू. "आणि आरशात?" बशीचा तळ. त्यावरचा छापसुद्धा वाचता येत होता.

आपण सगळे प्रतिबिंब म्हणजे वरच्या चित्राची उलटी प्रत समजतो. ते तसं नसतं. पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे कॅमेरा पाण्याच्या वर जितका उंच आहे तितकाच पाण्याखाली नेऊन, तिथून वर बघितल्यावर जे दिसेल ते. काका बांधावर बसले होते, कॅमेरा पाण्यापासून साधारण 3 मीटर वर. बगळा अंदाजे 20 मीटर लांब आणि पाण्यापासून 1 मीटर वर. म्हणजे कॅमेरा बगळ्याकडे जेमतेम 6 अंश वरून बघत होता, तर प्रतिबिंबातून त्याच बगळ्याकडे 11 अंश खालून बघितलं जात होतं. दोन नजरांत 17 अंशांचा फरक. अर्धा उघडलेला, जवळपास आडवा पंख असेल तर एकीकडे पाठ आणि दुसरीकडे पोट दिसणारच. उलट वरचा आणि खालचा पंख तंतोतंत जुळला असता तर संशय घ्यायला जागा होती, कारण चित्र उलटं करून खाली चिकटवणारा नेमकं तेच करतो.

धाकट्याने हे लगेच मान्य केलं. हा त्याचा गुण मला फार महत्त्वाचा वाटतो; पुढचं सगळं त्यामुळेच शक्य झालं. पण त्याचा पुढचा प्रश्नही रास्त होता: मग प्रतिबिंब इतकं उजळ कसं?

त्यावर ताईंनी आकडेमोड केली आणि ती धाकट्याच्या बाजूने गेली. पाणी काही आरसा नव्हे. पृष्ठभागाशी 11 अंशांच्या आसपास तिरपा येणारा प्रकाश पाणी साधारण एक तृतीयांशच परत पाठवतं, बाकीचा आत जातो. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणं; एक तृतीयांश म्हणजे फोटोच्या भाषेत दीड स्टॉपहून किंचित जास्त अंधार. प्रतिबिंब बगळ्यापेक्षा ठळकपणे काळसर हवं होतं. काकांच्या फोटोत ते नव्हतं. आकाशावर अर्धा काळा फिल्टर लावून देखावे काढणाऱ्यांना ही खूण ठाऊक असते: फिल्टर जास्त गडद झाला की तळं आकाशापेक्षा उजळ येतं आणि चित्र कुठेतरी खटकत राहतं, भले बघणाऱ्याला कारण सांगता येवो न येवो.

तर एक शंका चुकीची निघाली, एक बरोबर. आणि ज्याला विचारायचं तो माणूस बैठकीला येत नव्हता.

फोन

तिसऱ्या आठवड्यात मी काकांना फोन केला. फाइल मागायला केला नव्हता. गप्प बसल्याबद्दल माफी मागायला केला होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याने शंका घेतली याचं मला काही नाही. मीही घेतली असती. पण आधी मला एकट्याला विचारायचं ना रे. त्या मशीनचा निकाल सगळ्यांना दाखवला आणि मग मला विचारलं. मग विचारलंच कशाला?"

मला वाटतं, प्रकरणाची गाठ इथे आहे. धाकट्याचा प्रश्न खरं तर प्रश्नच नव्हता. निकाल आधी लागला होता, आरोपीला नंतर बोलावलं होतं. आणि काकांनीही जे उत्तर दिलं ते फोटोबद्दल नव्हतं, स्वतःबद्दल होतं. चाळीस वर्षांचा अनुभव हा या फोटोचा पुरावा होऊ शकत नाही. पुरावा त्यांच्या खणात, मेमरी कार्डवर पडून होता. तो दाखवण्यात त्यांना कमीपणा वाटला, आणि मागण्यात आम्हाला संकोच.

फोन ठेवता ठेवता काका स्वतःच म्हणाले, "कार्ड अजून पुसलेलं नाही. या सगळे घरी. त्यालाही आण."

कार्ड

आम्ही चौघं गेलो. दारात धाकटा काकांच्या पाया पडायला वाकला, तर काकांनी त्याला मध्येच धरलं आणि म्हणाले, "ते नंतर. आधी बघ."

कार्डवर त्या पहाटेच्या 41 फ्रेम होत्या. पहिल्या सात नुसत्या धुक्याच्या, एक्सपोजर बघायला काढलेल्या. आठवीत बगळा डावीकडून शिरतो, अर्धाच. मग खुंटावर पाय टेकताना, मग पंख मिटून उभा, मग मान आखडून जवळजवळ झोपल्यासारखा. चोविसावीत पंख उघडतो. आमचा फोटो सव्विसावा. चाळिसावीत तो उडालाय आणि खुंटाभोवती पाण्याची वर्तुळं आहेत, एक्केचाळिसावीत नुसता खुंट. तिसऱ्या फ्रेमलाच धाकटा म्हणाला, "पुरे काका, कळलं मला." काका म्हणाले, "नाही. सगळ्या बघ."

खऱ्या फोटोचा याहून सोपा आणि याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही. एक्झिफ कुणीही बदलू शकतं, त्यासाठी फुकट साधनं मिळतात. चित्र ओळखणाऱ्या यंत्राचा शेरा हा अंदाज असतो. पण मागच्या-पुढच्या फ्रेम, त्यातल्या फसलेल्या, हललेल्या, अर्ध्या कापलेल्या, अशा सगळ्या रॉ फाइल्स, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या, न सजवलेल्या फाइल्स, बनवत बसणं कुणालाही जड जाईल. म्हणून आम्ही आता गटातल्या सगळ्यांना सांगतो की चांगला फोटो निवडला की बाकीचे लगेच पुसू नका. वाईट फ्रेमच चांगल्या फ्रेमच्या साक्षीदार असतात.

वेळेचं कोडंही तिथेच सुटलं. काकांनी त्या पहाटे मोबाइलवरही तळ्याचा एक फोटो काढला होता, 6 वाजून 14 मिनिटांनी. त्यात धुक्याचा जो पट्टा खुंटाला नुकताच टेकलाय, तोच कॅमेऱ्याच्या एका फ्रेममध्ये तसाच होता, आणि कॅमेऱ्याच्या घड्याळात तेव्हा 12 वाजून 34 मिनिटं झाली होती. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवलेली, घड्याळ परत लावताना चुकलेलं. 5 तास 40 मिनिटांचा फरक, कार्डवरच्या प्रत्येक फ्रेमला तेवढाच.

ताईंना यावरून अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सल अॅडम्सच्या 'मूनराइज' या फोटोची गोष्ट आठवली. न्यू मेक्सिकोतल्या हर्नान्डेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा हा फोटो जगातल्या सर्वांत प्रसिद्ध फोटोंपैकी एक, पण अॅडम्सने तारीख लिहून ठेवली नव्हती आणि पुढे तो वेगवेगळी वर्षं सांगायचा. शेवटी खगोलाचे जाणकार चंद्राची जागा मोजत बसले. 1991 साली डेनिस डि चिको याने वेळ पक्की केली: 1 नोव्हेंबर 1941, दुपारी 4 वाजून 49 मिनिटं. काढणाऱ्याला जे आठवत नव्हतं ते फोटोतल्या चंद्राने सांगितलं.

स्लायडर

आता उरली मानेवरची पिसं आणि उजळ प्रतिबिंब. काकांनी सव्विसाव्या फ्रेमची रॉ फाइल उघडली आणि पहिल्यापासून सगळं आमच्यासमोर केलं.

रॉ फाइल पहिल्यांदा बघणारा नेहमी खट्टू होतो. ती फिकी, मळकी दिसते. ही फ्रेम लांब पल्ल्याच्या लेन्सने, आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता 6400 वर चढवून, 1/500 सेकंदाला काढलेली होती. अंधूक उजेडात दुसरा मार्गच नव्हता. सावलीतल्या राखाडी पंखावर रंगीत कण पसरलेले. नॉइज म्हणतात त्याला, आणि तो सगळा काही कॅमेऱ्याचा दोष नसतो. प्रकाश स्वतःच थेंबाथेंबाने येतो. एका पिक्सेलवर सरासरी 100 फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पडणार असतील तर कधी 90 पडतात, कधी 110. 10,000 पडणार असतील तर चढउतार 100 चा, म्हणजे एक टक्का, डोळ्याला कळतही नाही. पहाटेच्या बगळ्याच्या वाट्याला पहिल्या जातीचा प्रकाश आला होता.

काकांनी आधी एक्सपोजर थोडं वाढवलं. मग खालच्या अर्ध्या भागावर एक मास्क ओढून, म्हणजे बदल तेवढ्याच भागापुरता ठेवून, तो सव्वा स्टॉप उजळ केला. ताई हसल्या: दीडमधला सव्वा इथे गेला होता. काका म्हणाले, "डार्करूममध्ये मी वरच्या भागाला जास्त प्रकाश द्यायचो, खालचा भाग हाताने झाकून. कागदावर जास्त प्रकाश म्हणजे जास्त काळं, त्यामुळे झाकलेला भाग उजळ राहायचा. तेच आहे हे." ते खरंही आहे.

मग त्यांनी डीनॉइजचं, म्हणजे नॉइज काढणारं, बटण दाबलं.

इथे जे झालं ते मी जवळून पाहिलं, कारण मी त्यांच्या खुर्चीमागे उभा होतो. राखी बगळ्याच्या पांढऱ्या मानेवर पुढच्या बाजूने काळ्या तुटक रेघांच्या ओळी असतात. फाइल दोनशे टक्के मोठी केलेली होती. नॉइजमध्ये त्या रेघा दिसत होत्या पण कडा विरलेल्या, एकीकडे तीन ठिपके, मग मोकळी जागा, मग दोन ठिपके. काकांनी स्लायडर हळूहळू वर नेला. कण विरघळले. ठिपक्यांना कडा आल्या. सत्तरच्या आसपास ते तीन ठिपके आणि ते दोन ठिपके मधली मोकळी जागा ओलांडून जोडले गेले आणि एक अखंड, देखणी, बारीक रेघ झाली. तिच्या दोन्ही बाजूंना पिसांचे तंतू उगवले, कंगव्याने विंचरावेत तसे एकाच दिशेने.

काकांनी स्लायडर खाली घेतला. मोकळी जागा परत आली. वर नेला, रेघ झाली. असं त्यांनी चार-पाच वेळा केलं. मग चष्मा काढून म्हणाले, "ही रेघ त्या पक्ष्याला नव्हती. हे माझं नाही."

हे बटण काकांनी फिल्म धुताना दाणा बारीक ठेवणाऱ्या रसायनासारखं काहीतरी समजून वापरलं होतं. जुनं डीनॉइज शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढायचं. त्याने तपशील पुसला जायचा, पण नवा यायचा नाही. नव्या पद्धतीत प्रोग्रामला लाखो चित्रांच्या जोड्या दाखवून शिकवलेलं असतं, एक कणांनी भरलेलं, एक स्वच्छ. कणांखाली काय असावं याचा तो अंदाज करतो आणि तो अंदाज भरतो. बहुतेक वेळा अंदाज बरोबर असतो. बगळ्याची मान बहुधा अशीच असते. पण त्या पहाटेच्या त्या बगळ्याची मान तशी होती का, हे त्याला माहीत नसतं.

धाकट्याने तिथल्या तिथे दोन प्रती काढल्या, एक बटणासह आणि एक बटणाविना, आणि दोन्ही त्याच संकेतस्थळावर टाकल्या. बटणाविनाच्या प्रतीला "खरा फोटो" असा शेरा मिळाला. म्हणजे यंत्राने पकडलं होतं ते त्या बटणाचं काम, आणि शेरा मारला होता अख्ख्या फोटोवर. एका फाइलवरून मी मोठा निष्कर्ष काढणार नाही, पण असा शेरा पुढे करून कुणाला खोटं ठरवू नये एवढं तरी त्यातून दिसलं.

मग गप्पा

रात्री उशिरापर्यंत बसलो. वाद झाला, पण आधीच्यासारखा नाही. या वेळी फाइल सगळ्यांसमोर उघडी होती.

धाकटा म्हणाला, की मग डीनॉइज वापरायचंच नाही. ताईंनी त्याला अडवलं. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. ब्राइस बायर याने कोडॅकमध्ये बसवलेली ती जाळी, पेटंट 1976 चं. अर्धे पिक्सेल हिरव्याचे, पाव लाल, पाव निळे. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून काढले जातात. म्हणजे आपण ज्याला अस्सल डिजिटल फोटो म्हणतो त्यातलेही रंगांचे दोन तृतीयांश आकडे हिशेबाने भरलेले असतात. "आता सांग," ताई म्हणाल्या, "रेघ कुठे मारायची?"

काकांना जुना फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे आठवला. 1850 च्या दशकातल्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला फार हळव्या होत्या. समुद्राला पुरेल इतका वेळ दिला की आकाश पांढरंफटक. म्हणून तो समुद्राची एक निगेटिव्ह आणि ढगांची दुसरी, अशा जोडून छापायचा. लोकांनी ते समुद्र डोक्यावर घेतले. "त्याला कुणी खोटारडा म्हटलं नाही," काका म्हणाले.

धाकट्याने उलट उदाहरण दिलं. 2010 च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत स्टेपान रुदिक या छायाचित्रकाराचं बक्षीस काढून घेतलं गेलं. त्याने रंगीत फोटो काळापांढरा केला होता, कडा गडद केल्या होत्या, चौकट कापून मोठा भाग टाकून दिला होता. त्यातल्या कशालाही परीक्षकांची हरकत नव्हती. हरकत होती ती हाताला पट्टी बांधतानाच्या चित्रात मागे डोकावणाऱ्या एका पायाच्या टोकाला, जे त्याने पुसलं होतं. मला हे उदाहरण फार नेमकं वाटतं. किती बदललं हा मुद्दा नव्हता. जे समोर होतं ते काढलं, हा होता. आमच्या बगळ्याच्या बाबतीत उलट झालं होतं: जे समोर नव्हतं ते आलं होतं, तेही काकांनी न मागता.

मी त्यांना 2024 चं प्रकरण सांगितलं. माइल्स अॅस्ट्रे याने डोकं नसलेल्या, म्हणजे मान पोटाखाली घातलेल्या फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो मुद्दाम एका स्पर्धेच्या एआय विभागात पाठवला. त्याला परीक्षकांचं तिसरं आणि लोकांच्या मतांचं बक्षीसही मिळालं, आणि फोटो खरा असल्याचं त्याने जाहीर केल्यावर तो बाद झाला. त्याच्या आदल्या वर्षी बोरिस एल्डागसेनने यंत्राने बनवलेलं चित्र फोटो म्हणून पाठवून बक्षीस मिळवलं आणि मग नाकारलं होतं. दोन्हीकडे परीक्षक अनुभवी होते, आणि नुसत्या चित्राकडे बघून त्यांना फरक सांगता आला नाही. मग शनिवारी रात्री मोबाइलच्या पडद्यावर बघून आम्हाला कुठून सांगता येणार होता?

धाकट्याची भिस्त सही करणाऱ्या कॅमेऱ्यांवर आहे. 2021 पासून सी-टू-पी-ए या नावाने मोठ्या कंपन्या मिळून एक पद्धत बसवताहेत: फोटो निघतानाच कॅमेरा त्यावर डिजिटल सही करतो आणि पुढच्या प्रत्येक बदलाची नोंद फाइलबरोबर राहते. 2023 मध्ये लायकाच्या एम-11-पी या कॅमेऱ्यात ती पहिल्यांदा आली. मला ती हवीच आहे. पण सही सांगते की फाइल या कॅमेऱ्यातून निघाली आणि नंतर तिचं काय झालं. लेन्ससमोर काय होतं हे ती सांगत नाही. पडद्यावरच्या खोट्या चित्राचा फोटो काढला तरी सही अस्सलच येईल.

त्यानंतर

आता आमच्याकडे फोटोबरोबर एक ओळ लिहायची असते: काय केलं, साध्या शब्दांत. "खालचा भाग सव्वा स्टॉप उजळ. सेन्सरवरचा धुळीचा डाग काढला." एवढंच. कुणाला शंका आली तर आधी त्या माणसाला एकट्याला फोन, मग रॉ, मग गरज पडली तर सगळ्यांत चर्चा. काका आणि मी या ओळीला महत्त्व देतो. दोघांना ती अजूनही कटकट वाटते आणि त्यातले एक कधीकधी लिहीतच नाहीत. आम्ही आठवण करून देतो.

मोबाइलच्या फोटोंचं मात्र आम्हाला अजून जमलेलं नाही. मोबाइल शटर दाबायच्या आधीपासूनच फ्रेम साठवत असतो, त्यातल्या अनेक एकत्र करतो, गुपचूप नॉइजचे कण काढतो आणि आपल्या हाती तयार फोटो देतो. 2023 मध्ये एका माणसाने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर ठेवला आणि अंधाऱ्या खोलीत लांबून मोबाइलने टिपला. मोबाइलने त्यात चंद्रावरचे खड्डे काढून दिले, जे पडद्यावर नव्हतेच. ताईंनी गेल्या महिन्यात मोबाइलवर काढलेला चंद्र दाखवला तेव्हा त्यांनी ओळीत लिहिलं होतं, "मी काहीच केलं नाही." त्यावर दीड तास चर्चा झाली. ओळ खरी होती आणि तरी पुरेशी नव्हती.

काकांनी बगळा पुन्हा छापला. डीनॉइज शून्यावर, प्रतिबिंब या वेळी फक्त अर्धा स्टॉप उजळ, म्हणजे ते बगळ्याहून गडद आणि पाणी पाण्यासारखं. कागदावर कण दिसतात, फिल्मच्या दाण्यासारखे. मानेवर तीन ठिपके, मोकळी जागा, मग दोन ठिपके. एक प्रत त्यांनी धाकट्याला पाठवली, मागे पेन्सिलने फ्रेमचा नंबर आणि दुरुस्त केलेली वेळ लिहून: 26, सकाळी 6.11.